आइन्स्टाइन दिसला, पण तो तिथे नव्हताच!

जुन्या टीव्हीचा अँटेना हलला की पडद्यावर नुसत्या मुंग्या दिसत. अशा निव्वळ मुंग्यांची हजार चित्रे घेतली, संगणकाला नमुना म्हणून आइन्स्टाइनचा फोटो दिला आणि प्रत्येक चित्र त्या फोटोशी जास्तीत जास्त जुळेल असे सरकवून सगळ्यांची सरासरी काढली, तर काय दिसेल? चक्क आइन्स्टाइनचा चेहरा! ब्रिटिश शास्त्रज्ञ रिचर्ड हेंडरसन यांनी २०१३ मध्ये हाच दाखला देऊन आपल्या क्षेत्रातील संशोधकांना सावध केले.

हे क्षेत्र म्हणजे क्रायो-इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शन. त्यासाठी २०१७ चे रसायनशास्त्राचे नोबेल हेंडरसन, जाक ड्युबोशे आणि योआखिम फ्रँक यांना मिळाले. यात प्रथिनांचे रेणू क्षणार्धात गोठवून त्यांची चित्रे घेतली जातात. इलेक्ट्रॉनांचा मारा वाढला तर रेणूच मोडतो, म्हणून तो बेताचा ठेवावा लागतो. परिणामी प्रत्येक चित्र अतिशय पुसट येते. अशी हजारो, कधी लाखो चित्रे जुळवून संगणक रेणूचा त्रिमितीय नकाशा तयार करतो.

हा नकाशा किती बारकाईपर्यंत खरा आहे, हे अँगस्ट्रॉममध्ये सांगतात. एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग. आकडा जितका लहान, तितका तपशील जास्त. १० अँगस्ट्रॉमला रेणूची ढोबळ ठेवण कळते, ३ च्या आसपास प्रथिनाच्या साखळीतले बारकावे दिसतात. २०२० मध्ये अपोफेरिटिन या प्रथिनाचा नकाशा सुमारे १.२ अँगस्ट्रॉमपर्यंत पोहोचला आणि सुटे अणू ओळखता आले.

पण हा आकडा मोजायला बाहेरची पट्टी नसते. म्हणून चित्रांचे दोन गट करून दोन नकाशे बनवतात आणि ढोबळ तपशिलापासून बारीक तपशिलापर्यंत ते एकमेकांशी ताडून पाहतात. पूर्ण साम्य म्हणजे १. ते घसरत सहसा ०.१४३ वर आले की तिथे मर्यादा मानतात. या पद्धतीला फूरिए शेल कोरिलेशन म्हणतात.

मेख इथेच आहे. दोन विद्यार्थ्यांनी एकाच गाइडमधून उत्तरे उतरवली, तर ती जुळतातच, चुकांसकट! दोन्ही गट एकाच नमुन्याशी जुळवत नेले, तर मुंग्याही सारख्याच ‘जुळतात’ आणि आकडा फसवा चांगला येतो. म्हणून आता दोन्ही गट सुरुवातीपासून वेगळे ठेवतात आणि आरंभीचा नमुना मुद्दाम धूसर करून देतात. ही पद्धत ‘गोल्ड स्टँडर्ड’ म्हणून ओळखली जाते.

हा वाद केवळ आकड्यांचा नव्हता. २०१३ मध्येच एचआयव्हीच्या बाह्य आवरणावरील प्रथिनाचा सुमारे ६ अँगस्ट्रॉमचा नकाशा प्रसिद्ध झाला. लशीच्या संशोधनासाठी हे प्रथिन कळीचे. हेंडरसन यांच्यासह इतर तज्ज्ञांनी आक्षेप घेतला, की चित्रांत खरा रेणू दिसल्याचा पुरावाच नाही. नकाशा करणाऱ्यांनी आपली बाजू मांडली. पण पडताळणीचे महत्त्व सर्वांना पटले.

शिवाय एकच आकडा सगळ्या रेणूला लागू होत नाही. फेब्रुवारी २०२० मध्ये करोना विषाणूच्या काटेरी प्रथिनाचा ३.५ अँगस्ट्रॉमचा नकाशा आला. पण आपल्या पेशीला चिकटणारा त्याचा हलता भाग त्यात तुलनेने धूसर होता. औषध किंवा लस नेमक्या अशाच भागावर बेतायची असते. तेव्हा आकड्याइतकाच तो कसा काढला, हा प्रश्नही महत्त्वाचा ठरतो.