भारताची पेरणीखालील जमीन : गैरसमज आणि वस्तुस्थिती

भारतातील जमिनीच्या वापराची आकडेवारी मुख्यतः गावपातळीवरच्या महसुली नोंदींतून तयार होते. या नोंदींत जमिनीचे नऊ वर्ग असतात. वने, बिगरशेती वापर, नापीक जमीन, कुरणे, चालू पड हे त्यांपैकी काही, आणि पिकाखालील जमिनीचा वर्ग म्हणजे निव्वळ पेरणी क्षेत्र. वर्षात एकदा तरी पेरलेली जमीन या वर्गात एकदाच मोजतात. त्याच रानात खरीप आणि रब्बी अशी दोन पिके घेतली, तर एकूण पिकाखालील क्षेत्रात ते रान दोनदा धरले जाते. शेतजमीन वाढली की घटली, याचे उत्तर कोणता आकडा घेतला यावर ठरते.

गैरसमज : स्वातंत्र्यापासून देशाची शेतजमीन सतत घटत आली आहे.

वस्तुस्थिती : १९५०-५१ मध्ये निव्वळ पेरणी क्षेत्र ११.९ कोटी हेक्टर होते. पुढच्या वीस वर्षांत पडीक रान मोडून, तराईसारख्या भागात नवी वस्ती करून आणि कालव्यांचे पाणी पोहोचवून ते १४ कोटींवर गेले. त्यानंतरच्या पन्नास वर्षांत हा आकडा दुष्काळाची वर्षे सोडल्यास १४ कोटींच्या आसपासच राहिला आहे. दरडोई जमीन मात्र खरोखरच घटली. १९५१ मध्ये ३६ कोटी लोकसंख्येमागे माणशी ०.३३ हेक्टर पेरणी क्षेत्र होते. २०११ मध्ये लोकसंख्या १२१ कोटी झाली आणि हे प्रमाण ०.१२ हेक्टरवर आले. जमीन जवळपास तेवढीच राहिली आणि खाणारी तोंडे वाढली.

गैरसमज : शहरे जितकी वाढली, तितकी शेती गेली.

वस्तुस्थिती : बिगरशेती वापराखालील जमीन १९५०-५१ मध्ये ९४ लाख हेक्टर होती. ती आता पावणेतीन कोटींच्या घरात आहे. या वर्गात घरे आणि कारखान्यांबरोबर रस्ते, रेल्वे, कालवे आणि धरणांचे जलाशयही येतात. या वाढीइतकी घट पेरणी क्षेत्रात दिसत नाही. याच काळात नापीक म्हणून नोंदलेली जमीन ३.८ कोटी हेक्टरवरून निम्म्याहून खाली आली आणि मशागतयोग्य पडीक जमीनही २.३ कोटींवरून जवळपास निम्मी झाली. नोंदींची व्याप्तीही वाढली, त्यामुळे जुन्या-नव्या आकड्यांची वजाबाकी तंतोतंत जुळत नाही.

तरीही नुकसान झालेच नाही, असे म्हणता येत नाही. शहरालगतची आणि नदीकाठची जमीन बहुधा सकस असते. उजनी धरणात भीमाकाठची सुपीक शेती बुडाली. अशा काळ्या, खोल जमिनीच्या जागी दुसरीकडे माळरान लागवडीखाली आले, तर हेक्टरांची बेरीज तीच राहते, कस मात्र कमी होतो. क्षेत्राच्या आकड्यात हा फरक उमटत नाही.

गैरसमज : धान्य वाढले ते जास्त जमीन पेरल्यामुळे.

वस्तुस्थिती : १९५०-५१ मध्ये सुमारे ९.७ कोटी हेक्टरांवर ५.१ कोटी टन अन्नधान्य पिकले. २०२२-२३ मध्ये ते सुमारे ३३ कोटी टन झाले. उत्पादन सहापटीहून अधिक वाढले, पण धान्याखालील क्षेत्राची वाढ दीडपटही नाही. फरक पाडला तो सुधारित बियाणे, खते आणि सिंचनाने. निव्वळ ओलिताखालील क्षेत्र २.१ कोटी हेक्टरवरून सात कोटींच्या पुढे गेले. त्यातला निम्म्याहून मोठा वाटा आता विहिरी आणि कूपनलिकांचा आहे.

पाण्यामुळे दुबार पीक शक्य झाले. एकूण पिकाखालील क्षेत्र १३.२ कोटी हेक्टरवरून २०२१-२२ पर्यंत सुमारे २१.९ कोटींवर पोहोचले. महाराष्ट्रातही असेच घडले. १९६०-६१ मध्ये राज्याचे निव्वळ पेरणी क्षेत्र सुमारे १७९ लाख हेक्टर होते, २०१०-११ मध्ये १७४ लाख. एकूण पिकाखालील क्षेत्र मात्र याच काळात १८८ लाखांवरून २३२ लाखांवर गेले.

गैरसमज : शेतकऱ्याची जमीन कमी झाली, म्हणजे देशाची शेतजमीन कमी झाली.

वस्तुस्थिती : कृषी गणनेनुसार देशातील सरासरी वहितीचे क्षेत्र १९७०-७१ मध्ये २.२८ हेक्टर होते. २०१५-१६ मध्ये ते १.०८ हेक्टर झाले. महाराष्ट्रात ते ४.२८ वरून १.३४ हेक्टरवर आले. देशातील एकूण वहिती क्षेत्र मात्र १६.२ कोटी हेक्टरवरून १५.८ कोटींवर आले, म्हणजे घट किरकोळ आहे. वाढली ती खातेदारांची संख्या: सुमारे सात कोटींवरून साडेचौदा कोटींवर. सरासरी खाली आली ती प्रामुख्याने वारसांत होणाऱ्या वाटण्यांमुळे.

गैरसमज : क्षेत्र स्थिर आहे, म्हणजे पिकेही तीच आहेत.

वस्तुस्थिती : १९५०-५१ मध्ये देशात सुमारे १.५६ कोटी हेक्टरांवर ज्वारी होती. आज ती चाळीस लाखांच्या आसपास आहे. सोयाबीन १९७० च्या सुमारास नाममात्र होते. आता ते सव्वा कोटी हेक्टरच्या आसपास असून त्याचा मोठा भाग मध्य प्रदेश आणि महाराष्ट्रात आहे. सोयाबीनने सगळी जागा इतर पिकांकडून घेतली असेही नाही. माळव्यातील काळ्या जमिनी पूर्वी रब्बीच्या ओलीसाठी पावसाळाभर मोकळ्या ठेवत. तिथे सोयाबीन हे खरिपाचे नवे पीक ठरले. त्यामुळे निव्वळ क्षेत्र न वाढता एकूण पिकाखालील क्षेत्र वाढले.

गैरसमज : एका वर्षाच्या आकड्यावरून कल कळतो.

वस्तुस्थिती : २००२ च्या दुष्काळात निव्वळ पेरणी क्षेत्र सुमारे १४.१ कोटी हेक्टरवरून १३.२ कोटींवर घसरले आणि पुढच्याच वर्षी पूर्वपदावर आले. न पेरलेली जमीन त्या वर्षी चालू पडीत नोंदली गेली, ती शेतीतून कायमची गेली नव्हती. म्हणून दीर्घकालीन बदल पाहताना दोन सुट्या वर्षांऐवजी काही वर्षांच्या सरासरींची तुलना करतात आणि निव्वळ क्षेत्राबरोबर चालू पड, एकूण पिकाखालील क्षेत्र आणि ओलीत हे आकडेही तपासतात.