जहाजाच्या आदल्या रात्री मुंबईत मुक्काम कुठे करावा?

मुंबईहून गोवा किंवा लक्षद्वीपला जाणाऱ्या क्रूझची चौकशी आता आपल्या घरांतही होऊ लागली आहे. केबिन कोणती, जेवण हलाल मिळेल का, हे सगळं आपण विचारतो. आदल्या रात्रीच्या हॉटेलचा विषय मात्र शेवटी निघतो आणि तोही फक्त भाडं बघून मिटवला जातो.

एसटी चुकली तर मागची मिळते. जहाजाचं तसं नाही. चेक-इन जहाज सुटण्याच्या बरंच आधी बंद होतं आणि उशिरा पोचणाऱ्याला पैसे सहसा परत मिळत नाहीत. म्हणून लातूर, कोल्हापूर, रत्नागिरीकडून येणाऱ्यांनी आदल्या दिवशीच मुंबई गाठावी, असं आम्ही सुचवतो.

क्रूझचं टर्मिनल बॅलार्ड पियरला आहे. सीएसएमटी स्टेशनपासून ते जेमतेम दीड-दोन किलोमीटर, तर विमानतळापासून पंचवीसेक किलोमीटर पडतं. अंधेरीचं हॉटेल थोडं स्वस्त दिसेलही, पण सहा माणसं आणि बॅगा घेऊन सकाळच्या ट्रॅफिकमध्ये दोन टॅक्स्या केल्या की वाचलेले पैसे तिथेच जातात. वर जीवाला घोर लागतो तो वेगळाच.

जवळचे पर्याय तीन. फोर्ट आणि बॅलार्ड इस्टेट सगळ्यात जवळ, पण भाडं जास्त आणि ऑफिसं सुटली की परिसर सामसूम. कुलाबा राहायला छान, पण तिथेही खिसा हलका होतो. क्रॉफर्ड मार्केट ते मोहम्मद अली रोड हा पट्टा मध्यमवर्गीय कुटुंबाला सोयीचा. हलाल जेवण रात्री उशिरापर्यंत मिळतं, जामा मशीद आणि मिनारा मशीद जवळ आहेत. मात्र इथल्या कित्येक इमारती जुन्या आहेत, गल्ल्या अरुंद आहेत आणि गोंगाटही असतो.

या भागाला ही मेहमाननवाजी नवी नाही. १९९५ पर्यंत हाजी मुंबईहून जहाजाने जात. गावोगावचे लोक जहाज सुटण्याआधी इथल्या मुसाफिरखान्यांत उतरत. क्रॉफर्ड मार्केटजवळचा साबू सिद्दीक मुसाफिरखाना त्यातलाच एक. वेळेआधी येऊन बंदराजवळ राहायचं, ही आपल्या बुजुर्गांची रीत आजही तितकीच कामाची आहे.

बुकिंगआधी हॉटेलला फोन करून एवढं विचारून घ्या:

- लिफ्ट आहे का? अम्मी-अब्बांचे गुडघे दुखत असतील तर हा पहिला प्रश्न.
- टॅक्सी दारापर्यंत येते का?
- एका खोलीत किती जण चालतात? जादा गादीचे किती?
- खोली सोडल्यावर जहाजाची वेळ होईपर्यंत सामान ठेवून घेतात का?
- ओळखपत्र कुणाकुणाचं लागेल? मूळ कागद सोबतच ठेवा, टर्मिनलवरही ते दाखवावे लागतात.

रेल्वेने येणाऱ्यांनी गाडी सीएसएमटीला थांबते की दादर, कुर्ला, पनवेललाच संपते, ते तिकिटावर पाहावं. विमानाने येणाऱ्यांना भुयारी मेट्रो ३ थेट सीएसएमटीपर्यंत आणते.

आणि टॅक्सीवाल्याला नुसतं ‘बंदरावर चला’ म्हणू नका. मांडव्याची रो-रो भाऊच्या धक्क्यावरून सुटते, घारापुरीच्या लाँचा गेटवेवरून. तिकिटावरचं टर्मिनलचं नाव एकदा वाचा आणि स्पष्ट सांगा: बॅलार्ड पियर.