पेटी कुणाच्या वाट्याला?

खंडेनवमीला आमच्या अंबरनाथच्या एमआयडीसीतून एक चक्कर मारून बघा. गेटागेटावर झेंडूची तोरणं, लेथला हार, ड्रिल मशीनला हळदकुंकू आणि पाटावर धुऊनपुसून मांडलेले पाने, हातोड्या, कानशी. घरी आपणही त्या दिवशी विळीला, शिलाई मशीनला कुंकू लावतो. पण घरातली ती पाना-पक्कडीची पिशवी? ती बहुधा सिंकखाली ओलाव्यात पडलेली असते. तिच्यातला स्क्रू ड्रायव्हर डब्यांची झाकणं उचकटायला आणि पक्कड नारळ फोडायला! तिला कुंकू नाही आणि तेलही नाही.

माझे बाबा फिटर. अंबरनाथच्या एका कारखान्यात तीस वर्षं काढली त्यांनी. त्यांच्या मागे भांडी कुणाला, शिवणयंत्र कुणाला यावर चर्चा झाली, पण हत्यारांच्या पेटीचं नाव कुणी काढेना. भाऊ बँकेत. वहिनी म्हणाली, "ताई, उल्हासनगरचा भंगारवाला किलोवर घेऊन जाईल." तेवढ्यात माझी लेक बोलली, "आजी, मला हवी ती पेटी." तिला नुकताच आयटीआयला फिटर ट्रेडला प्रवेश मिळाला होता. आई ताडकन म्हणाली, "नको! या घरातला एक डोळा गेलाय, तेवढा पुरे."

बाबांचा डावा डोळा गेला होता, त्याची गोष्ट सांगायलाच हवी, कारण ती मशीनची नाही, साध्या छिन्नीची आहे. हातोडीचे घाव खाऊन खाऊन छिन्नीचं डोकं पसरतं, कडा बाहेर वळतात, अगदी कुत्र्याच्या छत्रीसारख्या दिसतात. एक दिवस घाव घालताना त्या कडेचा बारीक तुकडा उडाला. गॉगल डोळ्यावर नव्हता. ग्राइंडरवर त्या कडा घासून टाकायला पाच मिनिटं लागली असती, पण काम घाईचं होतं आणि छिन्नी दुसऱ्याच कुणाच्या हातची होती. तेव्हापासून बाबा कुणाचंही हत्यार हातात घेतलं की आधी उलटसुलट करून बघायचे. लग्नाच्या पंगतीतला झारासुद्धा!

आजी-नातीचं ते प्रकरण पंधरा दिवस चाललं. शेवटी आईनंच अट घातली. आधी गॉगल आणायचा, तिला दाखवायचा आणि पेटीतलं एकेक हत्यार तिच्यासमोर तपासून मगच बदलापूरला न्यायचं. आम्ही जमिनीवर वर्तमानपत्र पसरून बसलो. लेक वर्गात शिकलेलं सांगत होती आणि आई, जिनं आयुष्यात कधी पाना हातात धरला नाही, ती मध्येच "ते असं नाही धरायचं" म्हणत होती. तीस वर्षं कानावर पडलेलं कुठे जातं?

त्या दुपारी मला जे नव्यानं कळलं ते तुमच्याही कामाचं आहे. पान्यावर जो आकडा असतो तो नटाच्या दोन समोरासमोरच्या बाजूंमधलं मिलिमीटरमधलं अंतर. १० चा नट १० च्याच पान्यानं सोडवायचा. ११ चा "चालतोय की" म्हणून लावला की नटाचे कोपरे गोल होतात आणि मग कुठलाच पाना बसत नाही. पक्कड लावली तरी तेच होतं. म्हणून पक्कड ही नटासाठी नाहीच, ती तार धरायला आणि कापायला. घट्ट बसलेल्या नटाला आधी रिंग पाना लावावा, तो नटाला सगळीकडून धरतो, सटकत नाही. आणि पाना आपल्याकडे ओढायचा. पुढे ढकलताना तो सुटला की बोटांची पेरं थेट लोखंडावर आपटतात. ढकलण्याशिवाय इलाजच नसेल तर मूठ न आवळता उघड्या तळव्यानं ढकलावं. अ‍ॅडजस्टेबल पाना असेल तर जोर त्याच्या न हलणाऱ्या जबड्यावर यायला हवा. पान्याच्या दांड्यात पाईप घालून जोर वाढवायची जी पुरुषी हौस असते, तिनं पाने मोडतात आणि दातही पडतात.

स्कूटी चालवणाऱ्या मैत्रिणींनो, बॅटरी सोडवताना आधी मायनसची वायर काढा, बसवताना ती सगळ्यात शेवटी लावा. बॅटरी १२ व्होल्टची, शॉक बसत नाही हे खरं. पण पाना एकीकडे प्लसला आणि दुसरीकडे गाडीच्या सांगाड्याला टेकला तर ठिणग्या उडतात. मध्ये अंगठी किंवा बांगडी आली तर ती क्षणात तापून कातडी भाजते. म्हणून आधी हात मोकळे करा, ओढणी खोचा, वेणी मागे बांधा. यात नटण्यामुरडण्याला विरोध नाही हो, काम झालं की पुन्हा घाला.

विजेचं काम असेल तर मेन स्विच बंद करून टेस्टरनं खात्री केल्याशिवाय हात लावू नका. पकडीच्या मुठीला रंगीत प्लास्टिक आहे म्हणजे ती विजेपासून वाचवते, हा मोठा गैरसमज. बऱ्याच पकडींचं ते कव्हर फक्त धरायला मऊ म्हणून असतं. इन्सुलेटेड हत्यारावर दोन त्रिकोणांची खूण आणि १००० व्होल्ट असं लिहिलेलं असतं. आणि गॅसच्या रेग्युलेटरला कुठलंच हत्यार लावायचं नाही. वास आला तर वितरकाला किंवा १९०६ वर फोन करायचा.

पेटीतली अर्धीअधिक हत्यारं नाशिकच्या टपारिया कंपनीची निघाली, काही जालंधरकडची. नवीन घ्यायची तर स्वस्तातली दिसायला तितकीच चकचकीत असतात. उल्हासनगरच्या मालाबद्दलचा 'मेड इन यूएसए'चा विनोद आता जुना झाला. तिथे चांगलंही मिळतं. फक्त दुकानात एक नवा नट मागून पान्यात बसवून बघावा. डुगडुगला तर ठेवून द्यावा. क्रोम व्हॅनेडियम असा शिक्का असला तर बरं. ६-७ पासून २०-२२ पर्यंतचा आठ पान्यांचा सेट घरासाठी पुरून उरतो.

आता देखभाल. २६ जुलै २००५ ला उल्हास नदीचं पाणी बदलापुरात शिरलं तेव्हा बाबांची पेटी योगायोगानं माझ्याकडेच, तळमजल्यावर होती. दोन दिवस चिखलात. बाबांनी आल्या आल्या काय केलं असेल? गंज खरवडायला घेतला नाही. आधी सगळं स्वच्छ पाण्यानं धुतलं, कारण चिखल वाळला की ओल धरून ठेवतो. मग फडक्यानं कोरडं, उन्हात, रॉकेलनं पुसणं, जिथे तांबूस दिसलं तिथे तारेचा ब्रश आणि शेवटी शिलाई मशीनच्या तेलाचा हात. (खोबरेल नको, ते चिकट होऊन धूळ धरतं.) कानशींना मात्र तेल नाही, तेलकट कानस धातूवरून नुसती घसरते. कानशी एकमेकींवर घासल्या की दात बोथट होतात, म्हणून एकेक कापडात गुंडाळायची. हातोडीचा लाकडी दांडा पाण्यानं फुगून घट्ट वाटत होता, तरी बाबांनी तो बदलला. थंडीत लाकूड वाळलं की डोकं सैल होऊन उडतं, म्हणाले. गंजून गेलेले दोन पाने रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवले, सकाळी सोड्याच्या पाण्यानं धुऊन लगेच तेल लावलं. आजही ते चालतात.

२०१९ च्या जुलैत बदलापूर-वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस पुरात अडकली, ते टीव्हीवर दिसत असताना मी आधी पेटी कपाटावर चढवली. आता ती कायम वरच असते, आत सिलिका जेलच्या पुड्या टाकून. काम झालं की मुठीवरचं तेल पुसायचं, नाहीतर पुढच्या वेळी हातातून निसटतं. लेकीनं झाकणाच्या आत एक कागद चिकटवलाय. किती नग आणि कुणाला दिलेत. सध्या त्यावर एकच नोंद आहे. १४-१५ चा पाना, तिसऱ्या मजल्यावरच्या काकू, सायकलसाठी.