डायनामोचा जुळा भाऊ

सातारा जिल्ह्यातील एका निवृत्त शिक्षकांचे पत्र गेल्या महिन्यात माझ्याकडे आले. वडिलांनी घेतलेली काळी, दांडीच्या ब्रेकांची सायकल अजून पडवीत उभी आहे, शेत घरापासून सहा किलोमीटरांवर आहे, वाटेत एक खिंड लागते आणि साठी उलटल्यापासून त्या खिंडीत दम लागतो, असे लिहून त्यांनी विचारले होते, की थोडक्या पैशांत या सायकलीला विजेची मोटार बसवता येईल काय, की नवी महागडी सायकल घेण्यावाचून गत्यंतर नाही. पत्राच्या शेवटी सायकलीचा तपशील पंचनाम्याच्या काटेकोरपणाने दिला होता: चाके अठ्ठावीस इंची, पुढच्या चाकाला आरे ३२, मागच्याला ४०, चेनकव्हर शाबूत, घंटी नाही, डायनामो आहे, पण दिवा फुटलेला. त्या शेवटच्या नोंदीपाशी माझी नजर थबकली, कारण त्यांच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर पुढच्या चिमट्यावर टांगलेल्या त्या डायनामोतच होते.

बाटलीच्या आकाराचा तो डायनामो टायरला टेकवून ज्यांनी रात्रीची वाट कापली आहे, त्यांच्या पायांना विद्युत्शास्त्रातला एक मूलभूत सिद्धान्त पाठ्यपुस्तकाच्या कितीतरी आधी कळलेला असतो. खटका दाबला, की डायनामोची खाचांची टोपी टायरवर घासू लागते, घर्र असा आवाज उठतो, दिवा पेटतो आणि त्याच क्षणी पेडल जड होते. दिवा अवघा ६ व्होल्टांचा आणि ३ वॉटांचा. पण तेवढ्याची आणि शिवाय घर्षणाची वसुली पायांकडून होतेच. हाच व्यवहार उलटा केला, म्हणजे यंत्र फिरवून वीज घेण्याऐवजी त्याला वीज देऊन ते फिरू दिले, तर डायनामोची मोटार होते. दोहोंत तेच चुंबक आणि तीच तांब्याची वेटोळी.

ही गोष्ट आज आपल्याला उघड वाटते, पण तिचा जाहीर साक्षात्कार १८७३ साली व्हिएन्नाच्या जागतिक प्रदर्शनात झाला. झेनोब ग्राम या बेल्जियन कारागिराची जनित्रे तेथे मांडलेली होती. त्यांपैकी एकाच्या तारा दुसऱ्यास जोडल्या गेल्या, चुकून जोडल्या गेल्या अशी आख्यायिका आहे, आणि ज्या यंत्रास कोणीही हात लावलेला नव्हता ते फिरू लागले. ग्रामचे सहकारी इपोलित फोंतेन यांनी त्या जोडीवर पाण्याचा पंप चालवून दाखवला. त्याच्याही आधी, १८५९ साली, गास्तों प्लांते यांनी शिशाचे पत्रे गंधकाम्लात बुडवून पुन्हा पुन्हा भारता येणारा विद्युत्घट सिद्ध केला होता. मोटार होती, घट होता. दोहोंना चाकांवर चढवणारा माणूस तेवढा यायचा होता.

तो माणूस म्हणजे गुस्ताव्ह त्रुव्हे. तत्त्वज्ञ देकार्तच्या जन्मगावीच १८३९ मध्ये जन्मलेला, पॅरिसमध्ये घड्याळजीच्या हाताखाली बोटे तयार झालेला हा कारागीर आज इतका विस्मृत आहे, की विजेच्या वाहनांवरच्या अलीकडच्या जाड ग्रंथांतही त्याच्या वाट्याला एखादे ओझरते वाक्य येते, आणि मला याची खरोखर हळहळ वाटते. १८८१ च्या एप्रिलमध्ये पॅरिसच्या व्हाल्वा रस्त्यावर त्याने जे वाहन चालवले, ते त्याने मुळापासून घडवलेले नव्हते. इंग्लंडात तयार झालेली, स्टार्ले यांच्या बनावटीची पायांनी चालवायची तिचाकी त्याने घेतली, सीमेन्सच्या मोटारीत सुधारणा करून बनवलेल्या लहान मोटारी तिला लावल्या, प्लांतेचे घट ठेवले, आणि ताशी सुमारे १२ किलोमीटरांच्या गतीने ती रस्त्यावरून गेली. कार्ल बेंझने पेट्रोलगाडीच्या पेटंटासाठी अर्ज केला तो १८८६ च्या जानेवारीत. पुन्हा भारता येणाऱ्या घटांवर माणसाला घेऊन रस्त्याने चाललेले पहिले वाहन म्हणून ज्याची गणना होते, ते असे आधीच्या सायकलीला मोटार जोडून झालेले होते, हे साताऱ्याच्या गुरुजींनी आवर्जून लक्षात घ्यावे. पडवीतल्या सायकलीबद्दल ते जे योजीत आहेत तेच या विद्येचे मूळ आहे.

तिचाकीचे पेटंट त्रुव्हेला लाभले नाही. मग त्याने तीच युक्ती सेन नदीवर नेली आणि पुढच्याच महिन्यात एका लहान होडीला मोटार लावली. कार्यशाळा नदीपासून जवळ असल्यामुळे मोटार होडीवरून उचलून घरी नेता यावी म्हणून त्याने ती सुकाणूसकट सुटी केली. होडीच्या मागे अडकवायची जी मोटार आज कोकणच्या किनाऱ्यावरचे मच्छीमार खांद्यावरून वाहून नेताना दिसतात, तिचा उगम हा असा. १९०२ मध्ये अंगठ्याला झालेली जखम चिघळून तो वारला, आणि पुढे थडग्याच्या जागेचा करार कोणी न वाढवल्यामुळे त्याच्या अस्थी सामायिक खड्ड्यात गेल्या.

आता गुरुजींच्या खिंडीकडे वळू. माणूस, सायकल आणि एखादी पिशवी मिळून वजन १०० किलो धरावे. सपाट डांबरी रस्त्यावर, वारा पडलेला असताना, ताशी २० किलोमीटरांनी जायला सुमारे १०० वॉट शक्ती लागते. तीत निम्म्याहून अधिक वाटा हवा कापण्याचा, उरलेला टायरचा. सामान्य प्रकृतीचा माणूस तासभर साधारण ७५ वॉट देऊ शकतो, म्हणून सपाटीवर सायकल सुखाची वाटते. पण शंभरास पाच असा चढ आला, की ताशी १२ किलोमीटरांसाठीही २०० वॉट लागू लागतात. तूट येते ती सव्वाशे वॉटांची, म्हणजे मिक्सरला लागते त्याहूनही कमी. मोटारीकडून मागायचे ते एवढेच.

माझ्या पाहण्यातला सर्वांत स्वस्त आणि जुन्या सायकलीस मानवणारा मार्ग म्हणजे २४ व्होल्टांची, २५० वॉटांची, आत गिअर असलेली कार्बन-ब्रशांची मोटार. ही मागच्या चाकाजवळ पट्टीवर बसवतात आणि चाकाला दुसरे फ्रीव्हील लावून वेगळ्या चेनने जोडतात. तिचा हिशेब इतका सरळ आहे, की तो शाळेच्या फळ्यावर मांडावा. मोटारीचा दांडा मिनिटाला सुमारे ३०० फेरे घेतो. त्यावरच्या चक्राला ९ दाते, फ्रीव्हीलला १८. म्हणून चाक १५० फेरे घेते. अठ्ठावीस इंची चाक एका फेऱ्यात २.२ मीटर पुढे जाते. मिनिटाला ३३० मीटर, तासाला जवळजवळ २० किलोमीटर. मोटार, कंट्रोलर, मूठ, चेन, फ्रीव्हील यांना माझ्या वहीत चार-पाच हजारांचा खर्च मांडलेला आहे, आणि बॅटरी व चार्जर यांना पाच-सहा हजारांचा.

चाकाच्या हबमध्येच बसणारी मोटार दिसायला देखणी आणि चालायला निःशब्द असते, आणि मीही पहिल्यांदा तिच्याच नादी लागलो होतो. पण त्या हबला बहुधा ३६ भोके असतात आणि आपल्या जुन्या रिमांना पुढे ३२ व मागे ४०. तेव्हा रिम बदला, आरे नव्याने विणा, आऊट काढून घ्या, असा खर्च वाढत जातो. त्याहून मोठी गोष्ट चिमट्याची. मोटार चाकाला ज्या जोराने पुढे फिरवते, त्याच जोराने आपल्या आसाला उलट पिळते. चढावर हा पीळ २० न्यूटन-मीटरपर्यंत सहज जातो, आणि आस ज्या दोन सपाट बाजूंवर अडून राहतो त्यांच्यातले अंतर असते जेमतेम १० मिलिमीटर. म्हणजे चिमट्याच्या खाचेच्या ओठांवर सुमारे दोनशे किलोंचा रेटा. माझ्या सायकलीला मोटार बसवून देणाऱ्याने आस अडवणारी पोलादी पट्टी लावलेली नव्हती, आणि ते मला त्या वेळी उमगले नाही. तिसऱ्या दिवशी चढावर टक् असा आवाज झाला, आस खाचेत अर्धा फेरा फिरला, आसातून बाहेर येणाऱ्या तारा दोरखंडासारख्या पिळल्या जाऊन तुटल्या आणि चाक तिरपे होऊन चिमट्याला घासत थांबले. खाचेच्या कडा उमललेल्या पाकळीसारख्या बाहेर वळल्या होत्या. सायकल सावकाश चालली होती म्हणून निभावले. उतारावर हेच झाले असते तर काय झाले असते याची कल्पना करवत नाही. हबची मोटार लावायचीच असेल, तर चिमटा पोलादाचा हवा आणि आस अडवणारी पट्टी दोन्ही बाजूंना हवी.

खिंडीत मोटारीवर काय गुदरते, हे समजायला पुन्हा डायनामोकडेच यावे लागते. मोटार फिरत असताना ती डायनामो असणे सोडून देत नाही. तिच्या वेटोळ्यांत उलट दाब निर्माण होतच असतो आणि तोच बॅटरीकडून येणाऱ्या प्रवाहाला आवरून धरतो. गती पूर्ण असते तेव्हा हा उलट दाब मोठा, प्रवाह बेताचा आणि मोटार थंड. चढावर गती निम्म्यावर आली, की उलट दाबही निम्म्यावर येतो, लगाम सुटल्यासारखा प्रवाह धावत आत शिरतो आणि त्यातला बराचसा भाग चाक फिरवण्याऐवजी तांबे तापवण्यात जातो. म्हणून चढावर मूठ पिळून स्वस्थ बसू नये. जेथे मोटारीची गरज अधिक, तेथेच पेडलही अधिक मारावे. पायांनी गती थोडी राखली, की मोटारीचा जीव वाचतो आणि बॅटरीही कितीतरी अधिक पुरते.

बॅटरी हाच या सगळ्या जमाखर्चातला मोठा आकडा असल्यामुळे काटकसरीचा मोह तेथेच होतो. शिशाच्या १२ व्होल्टांच्या दोन बॅटऱ्या स्वस्त पडतात, पण वजन सात-आठ किलो, आणि त्यांच्यावरचा आकडा २० तासांच्या हिशेबाने छापलेला असतो. १२ अँपिअर-तास याचा अर्थ ०.६ अँपिअर प्रवाह वीस तास. तीच बॅटरी १० अँपिअरने उपसली, तर ७२ मिनिटे न टिकता पाऊण तासाच्या आतबाहेरच आटोपते. हा नियम विल्हेल्म प्यूकर्ट यांनी १८९७ सालीच मांडून ठेवला आहे. त्यापेक्षा लिथियम-लोह-फॉस्फेटचे आठ सेल एकापुढे एक जोडून २५.६ व्होल्टांची, १० अँपिअर-तासांची बॅटरी घ्यावी; वजन अडीच-तीन किलो, आणि शिशाची दोन-तीनशे वेळा पूर्ण रिकामी होऊन थकते तेथे ही हजार-दीड हजार वेळा सहज भारता येते. तिला सेलरक्षक परिपथ, ज्याला दुकानात बीएमएस म्हणतात, असलाच पाहिजे, चार्जर २९.२ व्होल्टांचा तिचाच हवा, आणि बॅटरीच्या तोंडाशी फ्यूज हवा. जुन्या लॅपटॉपांतले सेल काढून घरी डाग लावून बॅटरी बांधण्याचा सल्ला हल्ली सर्रास दिला जातो. मी तो कोणासही देणार नाही, कारण त्यांतला एखादा सेल आतून जखमी असला तर आग लागते ती बहुधा रात्री चार्जिंगला लावलेली असताना, आणि ती घरात लागते.

या बॅटरीत वीज किती? २५६ वॉट-तास, म्हणजे पाव युनिटाहून किंचित अधिक. मला हे भाकरीत मोजायला आवडते. एका ज्वारीच्या भाकरीत साधारण दोनशे किलोकॅलरी धरल्या आणि शरीर त्यांतला पाचवा हिस्सा पेडलावर उतरवते असे मानले, तर एका भाकरीतून सुमारे ५० वॉट-तास काम निघते. मोटारीतली गळती वजा जाता आपली बॅटरी चाकाला १९० वॉट-तास देते. चार भाकरी. तेवढ्यात सपाटीवर नुसत्या मोटारीने पस्तीसएक किलोमीटर आणि पायांची जोड दिली तर त्याहून बरेच अधिक जाता येते. गुरुजींची शेताची ये-जा बारा किलोमीटरांची आहे.

या हिशेबामुळेच काही जाहिराती वाचून मनस्ताप होतो. चालता चालता आपोआप चार्ज होणारी सायकल, असे मोठ्या अक्षरांत छापलेले असते आणि भोळा माणूस त्यावर दोन-तीन हजार अधिक मोजतो. १०० किलोंचे ओझे ताशी २० किलोमीटरांनी चालले असताना ब्रेक लावून थांबवले, तर त्यातली सगळी गतिज ऊर्जा मिळून भरते ०.४३ वॉट-तास. त्यातली निम्मी जरी परत बॅटरीत गेली, तरी ती भरायला हजाराहून अधिक वेळा थांबावे लागेल. आणि जिच्यात फ्रीव्हील आहे अशा मोटारीला चाक उलट फिरवूच शकत नाही, तेव्हा तीही गोष्ट नाही. चालत्या चाकाला डायनामो टेकवून बॅटरी भरावी म्हटले, तर जड झालेले पेडल आपण वर पाहिलेच आहे.

पहिला पैसा मात्र मोटारीवर न घालता ब्रेकांवर घालावा. वेग १५ वरून २५ वर गेला, की थांबवायची ऊर्जा पावणेतीनपट होते, आणि दांडीचे ब्रेक पावसात पोलादी रिमवर नुसते घसरतात. नवी रबरे, घट्ट सांधे, शक्य तर मागे ड्रम ब्रेक. कायद्याच्या बाबतीत, तीस मिनिटांची शक्ती ०.२५ किलोवॉटपेक्षा कमी, गती ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी आणि बॅटरी वगळता वजन ६० किलोंपर्यंत असलेल्या विजेच्या सायकलीस मोटार वाहन मानीत नाहीत, मात्र या अटींची खातरजमा मान्य चाचणीसंस्थेने केलेली असावी लागते. पुण्याची एआरएआय ही अशी एक संस्था. घरी जोडलेल्या सायकलीजवळ तसा दाखला नसतो, हे जाणून शक्ती मर्यादेपुढे जाऊ देऊ नये आणि वेग मर्यादेच्या चांगलाच आत ठेवावा.

डायनामो मात्र, गुरुजी, काढून टाकू नका. त्याला ६ व्होल्टांचा नवा दिवा बसवा आणि त्याच्या तारा मोटारीच्या तारांपासून अगदी वेगळ्या ठेवा. पुष्कळजण दिवाही मोठ्या बॅटरीवरच जोडतात, आणि बॅटरी संपली की मोटारीबरोबर तोही विझतो. तुमची बॅटरी खिंडीच्या पलीकडे संपली आणि दिवस मावळलेला असला, तर वडिलांनी दाबला असेल तोच खटका दाबा. पेडल थोडे जड होईल आणि समोरचा रस्ता दिसू लागेल.