या, बसा, अंक आलेत

सकाळी ८. कुलूप काढलं की पहिलं काम वर्तमानपत्रांचं. ती टेबलांवर मांडेपर्यंत दारात दोघं-तिघं उभे असतातच. आमचं वाचनालय तालुक्याच्या गावातलं. १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखाली त्याला मान्यता आहे आणि अनुदानही आहे. पण वर्गणीशिवाय भागत नाही. तेव्हा ‘वाचनालयात या’ असं लोकांना सांगणं ही काही माझी हौस नव्हे.

आत येणाऱ्याला आमच्या भिंती काय सांगतात ते बघा. चपला बाहेर काढा. शांतता राखा. मोबाईल बंद ठेवा. पाने दुमडू नका. उशीर झाल्यास दंड आकारला जाईल. यातली एकही पाटी खोटी किंवा अनावश्यक नाही. पण पहिल्यांदा येणाऱ्याला आपण चुकून पोलीस ठाण्यात शिरलो असं वाटेल. त्यांच्या मधोमध रंगवलेलं आहे : ‘वाचाल तर वाचाल’.

८.४५. “काय अण्णा, आज उशीर?” “गुडघा हो, दुसरं काय!” एवढं बोलून अण्णा पेपरात डोकं घालतात. या बोलण्यात माहिती म्हणावी अशी काही नाही. पण एखाद्या दिवशी मी विचारलं नाही, तर त्यांना चुकल्यासारखं होतं. आमचे एक वाचक मराठीचे निवृत्त प्राध्यापक आहेत. त्यांनी मला रोमान याकबसन या भाषाशास्त्रज्ञाबद्दल सांगितलं. १९६० साली छापलेल्या निबंधात त्याने भाषेची सहा कामं मांडली : माहिती देणं, मनातलं सांगणं, समोरच्याला हलवणं, संपर्क जागा ठेवणं, भाषेबद्दलच बोलणं आणि शब्दांच्या घडणीकडे लक्ष वेधणं. एकाच वाक्यात यातली अनेक कामं चालतात, त्यातलं एखादं वरचढ असतं. घडणीच्या कामासाठी त्याने आयझेनहॉवरच्या निवडणुकीतली ‘आय लाइक आइक’ ही घोषणा घेतली होती. आमची भिंतीवरची घोषणा त्याच जातीची. तोंडात बसते, पण ती वाचून कुणी आत आल्याचं मी पाहिलेलं नाही. अण्णांना मात्र ‘आज उशीर?’ रोज घेऊन येतं.

१०. दिवाळी अंक योजनेचा मजकूर करायचा आहे. काशिनाथ रघुनाथ मित्रांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासूनची ही परंपरा. आज एकेका अंकाची किंमत अशी, की चार अंक घेतले की खिसा हलका होतो. म्हणून एकदाच वर्गणी भरायची आणि आळीपाळीने सगळे अंक वाचायचे. वर्षभर न फिरकणारे सभासदही या दिवसांत येतात. अध्यक्षांनी लिहून पाठवलंय : ‘ज्ञानगंगेच्या या पवित्र प्रवाहात आपण सर्वांनी सहभागी होऊन वाचनसंस्कृती वृद्धिंगत करावी.’ वाचून झाल्यावर माणसाने नक्की काय करायचं, ते यात कुठेच नाही. मी लिहिलं : ‘दिवाळी अंक आलेत. एका वेळी एक अंक, चार दिवसांसाठी घरी. नावनोंदणी आजपासून, सकाळी ८ ते ११ आणि संध्याकाळी ४.३० ते ८. येता आलं नाही तर घरच्या कुणालाही पाठवा.’ ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांच्या १९३१ च्या पंचसूत्रीतलं चौथं सूत्र आहे, वाचकाचा वेळ वाचवा. ते कपाटांइतकंच सूचनेलाही लागू आहे, असं माझं मत.

११.३०. दार बंद, पण आत काम चालू. थकलेल्या पुस्तकांची स्मरणपत्रं काढायची. ती कुणी जाहिरात म्हणून धरत नाही. माझ्या मते आमची सगळ्यात महत्त्वाची जाहिरात तीच. छापील नमुना असा होता : ‘आपणाकडे खालील पुस्तके थकीत आहेत. सात दिवसांत जमा न केल्यास पुढील कार्यवाही करण्यात येईल.’ असं पत्र मिळालेला माणूस पुस्तक परत करतो, तेही शिपायाच्या किंवा पोराच्या हाती, आणि पुन्हा तोंड दाखवत नाही. त्याला पैशांपेक्षा लाज जास्त वाटते. आता मी लिहितो : ‘पुस्तक वाचून झालं नसेल तर फोन करा, मुदत वाढवून देतो. झालं असेल तर आणून द्या, दुसऱ्या एका वाचकाने ते मागितलंय.’ दंडाचा उल्लेख खाली, बारीक अक्षरात. दुसरं वाक्य फक्त खरोखर मागणी असेल तेव्हाच घालतो. ‘दुसरा वाचक थांबलाय’ एवढं कळलं, की लोक धमकीपेक्षा लवकर हलतात.

५. बालविभाग. इथे मी काहीच लिहीत नाही, मुलं लिहितात. पुस्तक परत करताना हवं तर एक चिठ्ठी आत ठेवायची, एवढाच नियम. भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेच्या एका पुस्तकात पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी आहे : ‘हे रात्री सुरू करू नका. आई दिवा बंद करते.’ हीसुद्धा आज्ञाच, तीही ‘करू नका’ची. पण वर कुणी बसलेलं नाही, शेजारच्या बाकावरून आलीय. ते पुस्तक आल्या दिवशीच पुन्हा जातं. १५ ऑक्टोबरच्या वाचन प्रेरणा दिनाला पाहुण्यांची भाषणं होतात, टाळ्याही पडतात. पुस्तकं मात्र चिठ्ठ्यांवर जातात.

६.३०. नोंदणीला आलेल्या एक ताई फॉर्म हातात धरून दाराशीच थांबल्या होत्या. “दादा, ही अनामत म्हणजे दरवर्षी भरायची का?” सभासदत्व सोडताना परत मिळते म्हटल्यावर त्या बसल्या आणि फॉर्म भरला. न विचारताच किती जण परत गेले असतील कुणास ठाऊक. फॉर्मवर पेनाने ‘परत मिळते’ एवढं लिहून ठेवलं. छपाई पुढच्या खेपेला.

७.४५. अध्यक्षांचा फोन. “माझी ज्ञानगंगा कुठे गेली?” तोडगा निघाला. योजनेच्या उद्घाटनाच्या बॅनरवर ज्ञानगंगा, व्हॉट्सॲपवर माझा मजकूर. बॅनर फोटोसाठी असतो, त्यात साहेब खूश. मी पावतीपुस्तक मोजायला घेतलं.