धूळच देते साक्ष

भुजंग तारकासमूहाच्या दिशेला, सुमारे २५ कोटी प्रकाशवर्षांवर ‘आर्प २२०’ आहे. हॉल्टन आर्प यांनी १९६६ मध्ये वेड्यावाकड्या दीर्घिकांचा नकाशासंग्रह काढला, त्यातला हा २२०वा क्रमांक. खरं तर ही एक दीर्घिका नाहीच. दोन दीर्घिका एकमेकींत मिसळताहेत आणि त्यांची केंद्रं आता जेमतेम १२०० प्रकाशवर्षांवर आली आहेत.

अशा मीलनात तारे सहसा ताऱ्यांवर आदळत नाहीत, त्यांच्यात अंतरच तेवढं असतं. आदळतो तो वायू. त्याची फिरण्याची गती मोडते आणि तो केंद्राकडे कोसळतो. आर्प २२०च्या मध्यभागी, सुमारे ५००० प्रकाशवर्षांच्या टापूत, आपल्या अख्ख्या आकाशगंगेत आहे तेवढा वायू गोळा झाला आहे. तिथे शेकडो कोटी नव्हे, त्याहून कितीतरी जास्त सूर्यांचा उजेड कोंडलेला आहे: एक लाख कोटींच्या वर. तो साध्या दुर्बिणीला दिसत नाही, कारण धूळ तो शोषते, तापते आणि अवरक्त किरणांच्या रूपात बाहेर टाकते.

पण हीच धूळ आतली बातमी फोडते, आणि मला सगळ्यात विलक्षण वाटतं ते हे. त्या वायूत हायड्रॉक्सिलचे रेणू असतात, एक ऑक्सिजन आणि एक हायड्रोजन. धुळीचे अवरक्त किरण त्यांना वरच्या ऊर्जापातळ्यांवर ढकलतात. तिथून उतरताना, अगदी लागून असलेल्या दोन पातळ्यांपैकी वरचीवर जास्त रेणू साठतात. अशा वेळी मागून १६६७ मेगाहर्ट्झची रेडिओलहर आली, की तिच्या स्पर्शाने रेणू खाली येतात आणि येताना तिच्यात तिच्यासारखीच भर घालतात. लहर पुढे सरकते तशी बळावत जाते. हा मेझर. चार्ल्स टाउन्स आणि सहकाऱ्यांनी तो १९५४ मध्ये प्रयोगशाळेत अमोनियावर करून दाखवला होता. १९६५ मध्ये आकाशातून असं उत्सर्जन आलं, तेव्हा मात्र उलगडा होईना म्हणून त्याला चक्क ‘मिस्टेरियम’ म्हटलं गेलं.

आर्प २२०मधला मेझर विलेम बान यांच्या गटाने १९८२ मध्ये अरेसिबोच्या दुर्बिणीने टिपला. आपल्या आकाशगंगेतल्या मेझरपेक्षा तो लाखो पटींनी तेजस्वी, म्हणून मेगामेझर. दीर्घिका दूर जात असल्यामुळे त्याची १६६७ची रेषा १६३८च्या आसपास सापडते. दीर्घिका जितकी लांब, तितकी ही रेषा खाली घसरते. साधारण दोन अब्ज प्रकाशवर्षांपलीकडच्या मीलनांची रेषा १४५० मेगाहर्ट्झच्या खाली येते, म्हणजे नारायणगावजवळच्या खोडदच्या जीएमआरटी या रेडिओदुर्बिणीच्या टप्प्यात.