प्लगइन गेले, चित्रफिती राहिल्या का?

वसईची सामवेदी बोली, तिथली लग्नगीते, किल्ल्यातल्या पडक्या चर्चच्या भिंती हे सारे आज चित्रफितींत साठवले जाते. म्हणून ब्राउझरने जुन्या व्हिडिओ प्लगइनांना दार बंद केले ते योग्य का, हा प्रश्न केवळ तंत्रज्ञांचा उरत नाही. क्रोमने 2015 मध्ये जुनी प्लगइन-व्यवस्था काढली, फायरफॉक्सने 2017 मध्ये फ्लॅश हे प्लगइन वगळता बाकीची. 31 डिसेंबर 2020 ला अडोबीने फ्लॅशचा पाठिंबाही थांबवला. माझ्या मते निर्णय योग्यच होता. प्लगइन म्हणजे ब्राउझरमध्ये चालणारा परका प्रोग्राम; त्यातल्या त्रुटींमधून हल्लेखोर थेट संगणकात शिरत. शिवाय आयफोनवर फ्लॅश कधी चाललेच नाही, आणि आता बहुतेकांचे इंटरनेट मोबाइलवरच असते.

जुना ठेवा बुडाला, हा आक्षेप अर्धाच खरा आहे. फ्लॅशची एफएलव्ही ही व्हिडिओ फाइल जपलेली असेल, तर ती व्हीएलसीसारख्या प्लेअरमध्ये आजही चालते. गेले ते तिच्याभोवतीचे वेष्टन. खरे नुकसान फ्लॅशच्याच एसडब्ल्यूएफ स्वरूपातल्या परस्परसंवादी धड्यांचे आणि खेळांचे झाले. त्यांतले बरेचसे ‘रफल’ हा मुक्त प्रोग्राम पुन्हा चालवतो, सगळे नाही. वापरणाऱ्याला निवड ठेवायला हवी होती, असेही म्हणतात. पण दुरुस्ती बंद झालेल्या प्रोग्रामची जोखीम सामान्य माणसाने कशी जोखायची? दोष द्यायचाच, तर एकाच कंपनीच्या स्वरूपात ठेवा कोंडणाऱ्यांना द्यावा. बोलीचे ध्वनिचित्रण करणाऱ्या मंडळांनी मूळ फाइल स्वतःजवळ ठेवावी. संकेतस्थळावर चढवलेली प्रत म्हणजे जतन नव्हे.